आडवी गाडी

भागूबाईचा डूख अंगावर घेऊ नये, हे रिहे खोऱ्यात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. भैरूने लहानपणी तिच्या शेळीला धोंडा मारला होता. बाई तेव्हा काही बोलली नाही. पुढे भैरूला मिशा फुटल्या, लग्न ठरलं, वरात निघाली आणि नवरदेव घोड्यावर ऐटीत बसलेला असताना भागूबाईने आपला अख्खा कळप वरातीच्या मधोमध घातला. बेंजो बंद पडला, घोडं बिथरलं, करवल्यांच्या साड्या लेंड्यांनी भरल्या. "आता मार धोंडा," एवढंच ती म्हणाली आणि पुढे गेली.

अशा बाईच्या वाटेला एक लाल गाडी गेली, ती दोन हजार आठच्या शिमग्याच्या आधी.

दुपारची वेळ. वडाच्या वळणावर भागूबाई कळप रस्त्यापलीकडे नेत होती. पुढे चांदी होती. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, गळ्यात घाटी, म्हणजे छोटी घंटा, बांधलेली तिची म्होरकी शेळी. आई मेल्यावर बाईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तेवढ्यात वळणावरून गाडी आली, पण गाडी येते तशी आली नाही. तिचं तोंड डोंगराकडे आणि दाराची काच भागूबाईकडे, अशी ती बाजूने घसरत, चाकं किंचाळत आली. मागचं चाक चांदीवरून गेलं. मग गाडी सरळ झाली आणि निघून गेली. काचेतला पोरगा बाईने नीट पाहिला होता. तो बापूसाहेबांचा कौस्तुभ होता.

बापूसाहेब पुण्याचे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. रिह्यात त्यांचं फार्महाऊस. बिरोबाच्या देवळावरचा पत्रा त्यांचा, गणपतीचा मांडव त्यांचा, आणि म्हणून देवळातल्या बैठकीत सतरंजीवरची मधली जागाही त्यांचीच. भागूबाईच्या तक्रारीवरून देवळात बैठक बसली, तेव्हा ते फार गोड बोलले. मुलगा सरळ गाडी चालवत होता, शेळीने उडी मारली, दुपारची वेळ, बाईंचा डोळा लागला असेल, कुणाला दोष द्यायचा?

भागूबाई उठली. तिने देवापुढचा भंडारा उचलला. बिरोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारं माणूस त्या वस्तीत जन्माला यायचं होतं.

"माझा डोळा लागला न्हवता. गाडी आडवी आली. ह्या पोरानं मुद्दाम आडवी आणली."

"आडवी?" कुशाबा म्हणाला. कुशाबा वस्तीतला जाणता, त्याचा शब्द शेवटचा. "आगं, गाडी हाय का खेकडा?"

आणि सगळं देऊळ हसलं. बापूसाहेब हसले, ज्यांनी उभ्या जन्मात गाडीचं स्टिअरिंग धरलं नव्हतं तेही हसले. भागूबाईने एकेकाचं तोंड पाहून ठेवलं.

हसण्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण अर्ध्या गावाच्या शेळ्या भागूबाईकडे राखोळीला होत्या. त्यांना चारायचं, राखायचं, त्यावरच तिचं घर चालायचं. आता लोक म्हणू लागले, बाईने खोटा भंडारा उचलला, देवाचा कोप कळपावर व्हायचा. एकेक जण येऊन आपली जनावरं सोडून नेऊ लागला. कुशाबाने तर आपल्या शेळ्या न्यायला स्वतः यायचीही तसदी घेतली नाही, गडी पाठवला. शेवटी तिच्या स्वतःच्या शेळ्यांखेरीज अनसूयेच्या दोन राहिल्या. अनसूया त्या बैठकीत हसली नव्हती.

भागूबाईने चांदीची घाटी आपल्या काठीला बांधली आणि दात आवळून दिवस काढू लागली. तिला चांदीच्या बदल्यात शेळी नको होती. तिला तिचा भंडारा खरा करून हवा होता, तोही हसणाऱ्यांच्या देखत.

चैत्रात ती खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या चांदे गावात भावाच्या मुलीकडे, नंदाकडे गेली. आयटीवाल्यांमुळे चांद्यात जमिनींना सोन्याचा भाव आला होता. जमीन विकून कुणी जीप घेतली, कुणी सोन्याचा पट्टा केला. हैबतरावाने मात्र व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. मोठाले टीव्ही, त्यापुढे खुर्च्या, खुर्चीपुढे गाडीसारखं स्टिअरिंग आणि पायाखाली ब्रेक. कंपनीतून सुटलेली पोरं तिथे रात्री शर्यती लावत. नंदा सकाळी तिथे झाडलोट करायची. आत्या तिच्यासोबत दुकानात शिरली आणि दारातच थबकली.

टीव्हीवर डोंगरातला रस्ता होता आणि वळणावरून एक गाडी येत होती. तिचं तोंड डोंगराकडे होतं.

"नंदे! ही आडवी गाडी!"

"ड्रिफ्ट म्हणत्यात त्याला, आत्या. हॅन्डब्रेक वढून मुद्दाम करत्यात पोरं. ह्यो बग, ह्यात पयला येतुया."

भिंतीवर चषक धरलेल्या पोराचा फोटो होता. कौस्तुभच तो.

भागूबाई फरशीवर बसली आणि शिमग्यापासून पहिल्यांदा खदखदून हसली. नंदा घाबरली. मग म्हणाली, "कुशाबाला आणून दाव की हे."

"कुशाबा म्हणंल, टीव्हीत माणूसबी उडतंय. न्हाई. ते ह्या पोराच्या तोंडनं निगाया पायजे."

"त्यो कशाला सांगंल?"

"नंदे, हट्टी एडका खोपटातनं भाईर काढायचा तर त्याला वढतीस का? वढलं की त्यो पाय रोवतुया. त्याच्या म्होरं दुसरा एडका हुबा करायचा. मंग त्यो आपसूक येतुया, टक्कर द्याया." तिने काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची ओढली. "दाव मला. म्या हुते दुसरा एडका."

नऊवारीचा काष्टा सावरत पन्नाशीची बाई त्या खुर्चीत बसलेली बघून हैबतरावाने पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला. पण ती कुणाची जिरवायला बसली आहे हे कळलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. कौस्तुभ त्याच्या मशिनला भर दुकानात भंगार म्हणाला होता. "आजी, या रोज," तो म्हणाला. "दुकान उघडायच्या आधी. मी शिकवतो."

बाई रोज पहाटे चांद्याला यायची, तोवर तिच्या शेळ्या अनसूया बघायची. शिकवणं सोपं नव्हतं. वळणाआधी वेग धरायचा, गाडी आत घालायची, हॅन्डब्रेक क्षणभर ओढायचा, शेपूट सुटलं की स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. उलटं फिरवणं बाईला पटकन जमलं. अडत होतं ते दुसरीकडेच. वळण आलं की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी जागच्या जागी उभी, आणि बाईच्या तोंडून "हुर्र, हुर्र!"

"आजी, ब्रेक नका मारू!"

"वळणापल्याड कळप आसला तर?"

"या रस्त्यावर कुणी नसतं, आजी. शेळी नाही, माणूस नाही, कुणीसुद्धा नाही."

भागूबाईने उभा जन्म वळणाच्या पलीकडच्या बाजूला काढला होता. गाडीचा आवाज आला की शेळ्या कडेला घ्यायच्या, एवढंच तिला ठाऊक. तिचा पाय ऐकेना. कित्येक आठवडे गेले. रिह्यात भातलावणी उरकली तरी पाय ऐकेना. मग एका सकाळी तिने चांदीची घाटी काठीवरून सोडली आणि टीव्हीच्या डोक्यावर ठेवली. तिच्याकडे बघत वळण घेतलं आणि पाय उचलला नाही. गाडी आडवी झाली, घसरली, सरळ झाली, पुढे गेली. हैबतरावाने टाळ्या पिटल्या.

बाईच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. तिला आत्ता कळलं होतं. त्या पोरानेही असंच शिकून घेतलं होतं, जिथे कुणीच नसतं अशा रस्त्यावर. आणि मग तो तिच्या रस्त्यावर आला होता. तिला त्याची दया आली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने भागूबाईला ओळखलंच नाही. तिचा राग उलट दुप्पट झाला.

गणपतीत बापूसाहेबांच्या मांडवात कौस्तुभने गेमची स्पर्धा ठेवली. मोठा पडदा, कर्णे, हैबतरावाचं मशिन भाड्याने आणलेलं. पुढच्या खुर्चीत बापूसाहेब, शेजारी कुशाबा आणि मागे सारं गाव. कौस्तुभने सगळ्यांना हरवलं, गळ्यात हार घालून घेतला आणि माइक हातात घेऊन विचारलं, "आणखी कुणी आहे का?"

"म्या हाय," भागूबाई म्हणाली.

गाव पुन्हा हसलं. हसू दे, ती मनात म्हणाली. कौस्तुभने मान लववून खुर्ची दिली. "या ना, मावशी. मजा येईल."

बाई बसली. पहिल्या वळणाला गाव हसतच होतं. गाडी आडवी झाली आणि हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. दुसऱ्या वळणाला कुशाबा खुर्चीतून अर्धा उठला. तिसऱ्याला पोरांनी शिट्ट्या मारल्या. कौस्तुभची मैत्रीण जुईली टाळ्या वाजवत ओरडली, "कौस्तुभ, तुझ्यापेक्षा क्लीन घेतला रे!"

कौस्तुभचे कान लाल झाले. भागूबाई तेवढ्याचीच वाट बघत होती. गाडी तशीच सोडून ती उठली आणि कुशाबाकडे वळली.

"ही आपली टीव्हीतली गंमत. खरी गाडी कुटं आडवी चालतीया? तुमीच म्हनला हुता, खेकडा हाय का म्हनून. ह्या पोरालाबी खऱ्या रस्त्यावर न्हाई जमायचं. खुर्चीतला गडी त्यो."

"खुर्चीतला?" कौस्तुभ उसळला. माइक त्याच्या हातातच होता. "ओ मावशी, खऱ्या गाडीने मारलाय मी ड्रिफ्ट! याच गावात! त्या वडाच्या वळणावर, हॅन्डब्रेक ओढून, फुल साइडवेज! जुईलीला विचारा, ती होती गाडीत!"

कर्ण्यांनी ते पार ओढ्यापलीकडे पोचवलं.

"कंदी रं, बाळा?" भागूबाईने इतक्या मायेने विचारलं की तो सांगूनही गेला.

"होळीच्या आधी, तेव्हा..."

तो थांबला. जुईलीने तोंडावर हात ठेवला.

"कुशाबा," भागूबाई म्हणाली, "भंडारा मागवा."

बापूसाहेब उठले. दोन शेळ्या देतो, चार देतो, असं काहीतरी पुटपुटू लागले. बाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माइकवर बोला," ती म्हणाली. "देवळात लई चांगलं बोलला हुता." आणि पत्रा देणाऱ्या, मांडव देणाऱ्या त्या माणसाला आपल्याच कर्ण्यांवरून सांगावं लागलं की भागूबाई जागी होती, गाडी आडवी आली, आणि भंडारा खरा होता. कौस्तुभ खालमानेने उभा होता, गळ्यातला हार काढायचंही त्याला सुचलं नाही. कुशाबाने बाईच्या कपाळी भंडारा लावला. तिने लावू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाईच्या शेळ्यांच्या वाड्याशी ही रीघ लागली. ज्यांनी ज्यांनी शेळ्या सोडून नेल्या होत्या, ते सगळे दावी धरून उभे होते. पुढे कुशाबा होता, या वेळी स्वतः आलेला.

"भागूबाई, झालं गेलं ते सोड. घे जनावरं. तुझ्यावानी राखनारं हाय कोन?"

बाईने फाटकातून आधी अनसूयेच्या दोन शेळ्या बाहेर काढल्या, मग आपल्या. नव्या म्होरकीच्या गळ्यात आता चांदीची घाटी होती. सगळा कळप बाहेर आल्यावर तिने फाटक लावलं, काठी बगलेत घेतली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळी तोंडं ओळखीची होती.

"न्हाई बाबा," ती कुशाबाला म्हणाली. "माझा डोळा लागतुया दुपारचा."

आणि कळप घेऊन ती वडाच्या वळणाकडे निघून गेली.