अण्णांचं इंजिन

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवायला लागलो आणि माझे रविवार माझे राहिले नाहीत. नात्यात, शेजारात कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की मला धरून न्यायचे. "सर, नुसतं बघायचंय." नुसतं बघायचंय म्हणून मी नाशिकपासून लासलगावपर्यंत किती बॉनेटांत डोकं घातलं असेल, देव जाणे. खरं तर लोकांना तपासणी नकोच असते. मनातल्या मनात गाडी घेऊन झालेली असते, मी फक्त मान डोलवायची. नाही म्हटलं की परतीच्या वाटेवर कुणी धड बोलायचंही नाही.

म्हणून एका रविवारी सकाळी साडू दारात उभा राहिला तेव्हा मी कपाळाला हात लावला. हा बँकेत कारकून. इंदिरानगरात नुकतं घर बांधलेलं, स्कूटरसुद्धा उतारावर बंद करून नेणारा माणूस. आणि त्याला घ्यायची होती आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार!

"पेट्रोल घालायला घरचं दूध बंद करणार का?" मी विचारलं.

तो हसला नाही. म्हणाला, "अण्णांची गाडी सापडलीय, साडूभाऊ. निफाडला आहे."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. ते नाशिकच्या एका थिएटरमालकांचे ड्रायव्हर होते. मालकांनी हौसेनं दिल्लीच्या लिलावातून ही गाडी आणली होती. लांबलचक नाकाची, दोनच दारांची. अण्णा तिला जिवापाड जपत. घरी कमी आणि बॉनेटखाली जास्त, असा सगळा जन्म गेला. पुढे पेट्रोल भडकलं, मालकांनी गाडी काढून टाकली, आणि थोड्याच वर्षांत अण्णाही गेले. साडूला आठवणार तरी काय, बापाच्या सदऱ्याचा ग्रीसचा वास, एवढंच.

"पत्रा कसाही असू दे," तो म्हणाला, "इंजिन अण्णांच्या हातचं पाहिजे. बदललेलं असेल तर मला गाडी नको. तेवढं खात्रीनं सांगा."

त्याची भीती खोटी नव्हती. असल्या पेट्रोलखाऊ गाड्यांची इंजिनं तेव्हा सर्रास काढली जात. कुणी डिझेल इंजिन बसवी, कुणी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं. मी पिशवीत टॉर्च आणि चिंध्या टाकल्या आणि निघालो. जायचा कंटाळा आला होता हे मी लपवलं नाही.

निफाडला द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या रांगेमागे गाडी उभी होती. "लगीनसराईत वरातीला नेतो हिला," बागायतदार म्हणाला. "लय दम हाय अजून. इंजिन एकदम वरिजनल, सर. हात लावलेला नाय कुनी."

हे वाक्य मी दर रविवारी ऐकत होतो. बॉनेट उघडलं. इंजिन पेट्रोलचं, आठ सिलिंडरचं. गाडीखाली सरपटत जाऊन इंजिनाच्या मागच्या अंगाला ओततानाच उठवलेले आकडे पाहिले, तेही गाडीच्याच बनावटीचे आणि तिच्याच सालचे. म्हणजे वाण बरोबर होता. पण त्या वाणाचं इंजिन म्हणजे याच गाडीचं इंजिन असं होत नाही. त्याची खूण वेगळी. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याच्या, पुढच्या बाजूला एक सपाट जागा असते, तिथं नंबर ठोकलेला असतो. तो आरसी बुकाशी जुळला की संपलं.

सपाट जागेवर चंदेरी रंग होता. मी रॉकेलच्या चिंधीनं तो पुसला, खाली आणखी एक थर. तोही काढला. मग लालसर खपली निघाली आणि तिच्याखाली नुसते गंजाचे खड्डे. नंबर नव्हताच. आधी वाटलं, कुणी चोरानं घासून काढला. पण कानशीची एकही रेघ नव्हती.

"थितंच तर पूजा असती, सर," बागायतदार म्हणाला. "दसऱ्याला हळदकुंकू, नारळाचं पानी, समदं थितंच. दुसरीकडं ठरतच नाय काही."

त्याचंही बरोबर होतं. वर्षानुवर्षं पाणी मुरत गेलं, वर रंग चढत गेला, आणि आत गंजानं नंबर खाऊन टाकला.

साडू एका क्रेटवर बसला. "मी ओतायचो," तो म्हणाला. "अण्णा मला दसऱ्याला मालकांकडे न्यायचे. माझा हात धरून दाखवायचे, इथं ओत." मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे हेच ना ते?"

"पूजा कुणाच्या इंजिनाची होत नाही? दुसऱ्या गाडीतून आणलेलं असलं तरी असंच खाल्लेलं असणार."

"तुमचं काय जातं हो म्हणायला?" तो चिडून म्हणाला.

काही जात नव्हतं. मला त्याची फार माया आली आणि त्याच वेळी अगदी शिणून गेल्यासारखं वाटलं. पण त्यानं खात्री मागितली होती, आणि ती माझ्याजवळ नव्हती.

"चालू करून बघू," मी म्हणालो. "आवाजावरून तुम्हीच ओळखा."

बागायतदारानं स्टार्टर मारला. दोनदा गुरगुरून इंजिन पेटलं आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. साडूनं मडगार्डवर तळवा टेकला, डोळे मिटले. मी मनापासून म्हणत होतो, ओळख रे बाबा, तू ओळखलंस तर मी दहा जणांसमोर शपथ घेईन. त्यानं मडगार्डवरचा तळवा उचलला. मग म्हणाला, "बंद करा."

"अण्णांचं नाही?"

"मला काय माहीत, साडूभाऊ," तो म्हणाला. "मी हिला चालू कधी ऐकलंच नाही. दसऱ्याला ती पूजेला बंद उभी असायची. एरवी अण्णा हिच्यात असायचे, आणि आम्ही घरी."