बिबट्याच्या मादीचा जबडा

“साहेब, ही पिल्लू नेतीय का खातीय?” वनरक्षक गावितमामांनी विचारलं.

अंबडच्या आमच्या शिल्पांच्या शेडमध्ये बिबट्याची मादी तयार उभी होती. तोंडात पिल्लू. फायबरचं काम, म्हणजे साच्यात काचतंतू आणि रेझिनचे थर. सुकल्यावर दुरुस्ती म्हणजे कापाकापी. चार दिवसांनी ती वनखात्यासाठी उसाच्या शिवारातल्या एका गावात बसवायची होती. डिझाइन माझं.

मी ड्रॉइंग पुढे केलं. खांद्यापर्यंत पासष्ट सेंटिमीटर, शेपटी ऐंशी.

“मापं बरोबर हायेत. दात बघा की.”

आमचे मालक हसले. “मामा, दात काढून कवळी बसवू का?”

मामा हसले नाहीत. “ऊसतोडीत पिल्लं सापडली की आम्ही प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये तिथंच ठेवतो. संध्याकाळी आई येऊन नेते. पण लोक काठ्या घेऊन गर्दी करतात, मग ती येत नाय. पिल्लं जन्मभर पिंजऱ्यात. हे बघून तर लोक दगडच उचलतील.”

मी ज्या फोटोवरून काम केलं होतं तो मोठा करून पाहिला. तोंडात वानर होतं. वानराच्या जागी मी पिल्लू बसवलं होतं; जबडा शिकारीचाच राहिला होता.

शेडमध्ये मांजर व्यायली होती. मामांनी एक पिल्लू मानेच्या कातडीला धरून अलगद उचललं. त्याने पाय पोटाशी घेतले आणि ते निमूट लटकलं. आमच्या पिल्लाचे चारही पाय ताणलेले होते. मी कोन मोजून घेतले.

“किती दिवस?” मालकांनी विचारलं.

“आठ.”

“सहा.”

बसवायची तारीख पुढे ढकलून सहा दिवसांत जबडा आणि पिल्लू नव्याने केलं. दात ओठांआड गेले.

पुढच्या ऊसतोडीत त्या गावात दोन पिल्लं सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला.

“लोक आपणहून लांब थांबले, साहेब. संध्याकाळी सव्वासातला आई आली. एक नेलं.”

“आणि दुसरं?”

“वीस मिनिटांनी परत आली. तिला पण मोजता येतं.”



हे शिल्पामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मामा त्या गावात अकरा वर्षं फिरताहेत. शिल्प उभं राहून पाच महिने झाले होते. मी एवढंच शिकलो, की ड्रॉइंगवर सही करण्याआधी ते जनावर पाहिलेल्या माणसाला दाखवावं.