विमलमावशीची कंबर

विमलमावशी गेली तेव्हा मी चार नंबरच्या पेशंटची चादर बदलत होते. वॉर्डच्या ग्रुपवर मेसेज आला, खाली जोडलेल्या हातांची रांग. मी फोन खिशात टाकला आणि चादर पुरी केली. रडू आलं नाही, राग आला. दीड महिना झाला, तो अजून आहे.

रामदासपेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात ती वीस-बावीस वर्षं मावशी होती. पेशंटला उठवणं, पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं, हे आमचं काम. ती कोराडीहून पहिल्या बसनं यायची, मी वाडीतून. माझ्या पहिल्याच दिवशी अर्धांगवायूचा एक पेशंट होता, माझ्या दुप्पट. तिनं गुडघा पलंगाला टेकवला, त्याच्या अंगाखालची चादर मुठीत गुंडाळली आणि एका हिसक्यात माणूस कुशीवर. एकटीनं. मला म्हणाली, "पाहून काय राहिली वं? शिक." मी भारावून गेले. चुकलंच माझं…

कारण पुढं आम्ही जोडीला दुसरी बाई मागितली की सिस्टरचं उत्तर ठरलेलं. "विमल एकटी करते, तुला काय झालं?" दोघींचं काम एकीच्या गळ्यात पडलं ते तिच्या कर्तबगारीमुळं. तिसऱ्या वर्षी माझी कंबर गेली. सकाळी चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना. मी मावशीला स्पष्ट सांगितलं, तू एकटी उचलतेस म्हणून आम्ही मरतो. ती हसली. "तुमच्या हाडात जोरच नाही वं." तिचा हा तोरा मला सहन होत नसे. त्यानंतर कित्येक महिने मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

या वर्षी हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये आमच्यासारख्यांसाठी दोन जागा निघाल्या. मेट्रनची शिफारस हवी. मी फॉर्म आणला तर मावशी म्हणाली, "नर्स होऊन काय करशील? तू बी मंग एखादीले म्हणशील, ती एकटी करते, तुले काय झालं." मी तिच्यावर उखडले. खरं बोलली होती म्हणून जास्तच उखडले. फॉर्म आठ दिवस पिशवीतच राहिला, मग मेट्रनकडं दिला.

मग तिचाच मणका सरकला, पाय बधिर झाले आणि ती आमच्याच वॉर्डात पेशंट म्हणून आली. तिची कूस बदलायला मी एकटीच गेले. मुद्दाम. तिनं माझं मनगट धरलं.

"एकटी नको. दुसरीले बोलाव."

"तू तर एकटी करत होतीस ना?"

तिनं माझं मनगट सोडलं. "दुखण्याच्या गोळ्या खाऊन करत होतो वं. सकाळी दोन, जेवल्यावर दोन. पहिल्या खेपेले नाही म्हणाची लाज वाटली. मंग कधीच म्हणता नाही आलं."

"हे आता सांगून राहिली? पहिले काहून नाही सांगितलं?"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. आमचं शेवटचं बोलणं तेच. तिला घरी नेलं, अंथरुणातच पाठीच्या जखमा चिघळल्या, तीन आठवड्यांनी ती गेली. मी कोराडीला भेटायला गेले नाही. जायला हवं होतं.

शोकसभेत मेट्रन मॅडम म्हणाल्या, "अशा मावशी आता होत नाहीत. शंभर किलोचा पेशंट एकटीनं वळवायची." मग मला बोलायला सांगितलं. माझा फॉर्म त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मावशी गोळ्या खाऊन उचलायची. मला स्वतः सांगितलं तिनं. ते काम दोघींचंच होतं." मॅडमनी घड्याळ बघितलं.

सही अजून झालेली नाही, होईल असं वाटतही नाही. झालीच तर काय करीन तेही कळत नाही. नर्सच्या खुर्चीत बसल्यावर माझ्या तोंडून तेच वाक्य निघणार नाही, अशी खात्री मला देता येत नाही. सध्या तरी पलंगाशी मी हात मागं घेऊन उभी राहते. दुसरी येईपर्यंत दहा मिनिटं जातात, नातेवाईक तोंड सोडतात, सिस्टर रागानं बघते. परवा कामावर नवी आलेली, माझ्याच वयाची एक बाई पुढं झाली आणि पेशंटच्या पाठीखाली हात घालू लागली.

"मी करतो ना ताई. होते मले एकटीले."

मी तिचा हात बाजूला केला.

"होते, मले माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच नको करू."