शपथेवर मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका सढळ थापा मारणारा माणूस पनवेलमध्ये झाला नाही, पुढे होईलसं वाटत नाही. थापेत स्वार्थ शून्य. सत्य त्यांना अळणी लागे, एवढंच. कोन गावाजवळ त्यांनी बिबट्याला नुसतं 'हाड' म्हणून परत पाठवलं होतं. उरणला घेतलेली सुरमई तर टेम्पोतून आणावी लागली. "मग एवढी खाल्ली कोणी?" विचारलं की म्हणायचे, "अजून संपायचीय!" मामी कपाळाला हात लावायच्या.

अशा मामांच्या डोळ्यांदेखत कळंबोलीच्या लोखंड बाजारापाशी एक डंपर मागे येताना आमच्या शेजारच्या रफिकभाईंच्या रिक्षेवर आदळला. डंपरवाल्याने कांगावा केला आणि खटला उलट रफिकभाईंवरच उभा राहिला. पाहिलेले एकटे मामा. तारीख लागेपर्यंत मामांच्या तोंडी ती रिक्षा चार मजले उंच उडाली आणि त्यांनी ती वरच्यावर झेललीसुद्धा. रफिकभाई रडकुंडीला आले. "मामा, खुदा के वास्ते, कोर्टात झेलू नका!"

मामा ऐटीत पिंजऱ्यात चढले. कारकुनाने विचारलं, "ईश्वराची शपथ घेणार की नुसती प्रतिज्ञा?"

मामा बावरले. "यातल्या कशात थोडी सूट असते का हो?"

"कशातच नाही," न्यायाधीश म्हणाले.

मामांनी शपथ घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला. "रिक्षा उभी होती. डंपर मागे आला. तिला लागला." संपलं! मामांचं इतकं थोडक्यात आटोपलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

सरकारी वकिलांनी खवचटपणे विचारलं, "आपण तिथे काय करत होतात?"

मधुमेह झाल्यापासून मामा रोज संध्याकाळी 'फिरायला' जात. त्यांनी मागच्या बाकावरच्या मामींकडे पाहिलं. "जिलबी खात होतो," ते पुटपुटले. "रोज खातो."

"किती?" मागून मामींचा आवाज आला.

"साहेब," मामा काकुळतीने म्हणाले, "याचंही उत्तर शपथेवरच द्यायचं का?"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. पुढे रफिकभाई सुटले. पण त्या दिवशी घरी परतताना मामा अगदी गप्प होते. मामींना जिलबीचं बोलायचं होतं. पण मामांचा तो पडलेला चेहरा बघवेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, काहीतरी बोला. खोटं का होईना!"

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही आम्ही त्या घरी जातो. मामी चहा करतात, तब्येतीचं विचारतात, नळाला पाणी कधी येतं ते सांगतात. सगळं खरंखरं. मग बोलायला काही उरत नाही, आणि चहा संपायच्या आतच आम्ही उठतो.