ताईंची गाडी नापास झाली तेव्हा

लाकडाच्या वखारीपाशी ताई पहिल्यांदा थांबल्या, तेही चपलेत खडा गेला म्हणून. गाड्यांच्या तपासणी केंद्रापासून इथपर्यंत त्या पुढे आणि मी मागे अशा चालत आलो होतो. रस्ता सगळा गोदामांचा, सावलीचं नाव नाही. मधे एका ट्रकवाल्याने काच खाली करून सोडू का विचारलं, तर त्यांनी नुसत्या हातानेच नको म्हटलं. तो गेल्यावर मी म्हटलं, अहो, बसलो असतो की. खडा झटकताना त्याचं उत्तर आलं.

"नको बाई. त्याच्या गाडीखाली काय आहे, ते त्याला तरी ठाऊक आहे का."

ताई म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना वन्सं म्हणायला लागले. थोडे दिवस त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, वन्सं म्हटलं की मला उगाच रुसून बसावंसं वाटतं, त्यापेक्षा ताईच म्हण. तेव्हापासून माझ्याही त्या ताई झाल्या. रुसणं त्यांना जमतच नाही, हे मला नंतर कळलं.

नवरा लवकर गेला. मग त्या दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत घड्या घालायला लागल्या. लॉन्ड्रीच्या गाडीचा ड्रायव्हर म्हातारा, त्याला एका डोळ्याने धड दिसायचं नाही. पुढे खड्डा आहे, गतिरोधक आहे, हे सांगायला मालकाने ताईंना त्याच्या शेजारी बसवलं. सांगता सांगता त्या स्वतःच गाडी शिकल्या. म्हातारा घरी बसला तसं स्टिअरिंग त्यांच्या हातात आलं. दवाखान्यातल्या नर्सबाया त्यांना 'चादरवाली' म्हणतात. चादर जरा पिवळट निघाली की त्यांची खेचतात आणि ताई म्हणतात, पेशंटला तर बरं वाटलं ना, मग झालं.

पुढे मालकाने स्वतःची गाडी विकून टाकली. जो आपली गाडी आणील त्याला काम, असं त्याने सांगितलं. ताई जुन्या गाड्यांचे भाव विचारत फिरायला लागल्या. तेव्हा हे म्हणाले, बाहेरून घेऊ नकोस, फसवतील, मी देतो तुला. ह्यांचं गॅरेज आहे. जुन्या मालवाहू व्हॅन आणायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हाच धंदा. ताईंना जी दिली तिच्याबद्दल ह्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, खालचं गंजलेलं सगळं कापून नवा पत्रा मारलाय, डोळे मिटून चालव. ताईंनी खाली वाकून पाहिलंही नाही. ज्या भावाला कडेवर घेऊन शाळेत सोडलं, ज्याचं अभ्यासात डोकं चालेना म्हणून मेकॅनिकच्या हातापाया पडून त्याला कामाला लावलं, त्याच्या गाडीखाली कोण वाकून बघतं?

आमच्या सासूबाईंना उपचारासाठी दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं. चादरी पोचवायला ताई तिकडे जातातच, मग आई पुढच्या सीटवर. हे स्वतः आईला उचलून बसवायचे, पट्टा लावायचे आणि टपावर दोनदा थाप मारून म्हणायचे, सावकाश जा गं.

गाडी कशाकशात नापास होते, ते ताईंना पाठ होतं. नंबरप्लेटवरचा बारीक दिवा गेलेला, वायपर काचेवर रेघा ओढणारा, टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झालेला, हॅण्डब्रेक एका चाकाला धरणारा आणि दुसऱ्याला सोडणारा. साध्या साध्या गोष्टी, पण गाडी परत पाठवतात. दरवर्षी तपासणीच्या आधी हे व्हॅन गॅरेजमध्ये ठेवून घ्यायचे आणि स्वतः केंद्रावर न्यायचे. ताईंना त्याचं कोण कौतुक.

यंदा हे कामासाठी परगावी गेलेले आणि मुदत संपत आलेली. फोनवर ह्यांनी ताईंना बजावलं, मी आल्यावर नेतो, तू नेऊ नकोस. ताईंना वाटलं, बिचारा दमून येणार, त्यात माझी गाडी. त्यांनी दिवे पाहिले, वायपर बदलला, टायर बदलून घेतले. आणि मग त्यांच्यातली लॉन्ड्रीवाली जागी झाली. मळकी वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, ही त्यांची जन्माची सवय. बॉयलरचं कढत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि पाइपाने गाडीचं पोटसुद्धा धुऊन काढलं. काळं पाणी वाहिलं तसतशा त्या खूष झाल्या. गाडीचं पोट असं सोड्याने कोणी ड्रायव्हर धुणार नाही. ताईंनी धुतलं.

आज सकाळी सोबत म्हणून मला घेऊन गेल्या. दिवे पास, ब्रेक पास, धूर पास. ताई माझ्याकडे बघून हसल्याही. मग गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली. तपासणारे साहेब खाली उतरले आणि छोट्या हातोडीने एकेक जागा ठोकत चालले. टण, टण, टण, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली आल्यावर भद्द. साहेबांनी तिथे पुन्हा ठोकलं, मग स्क्रूड्रायव्हर घातला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"बाई, जरा खाली या," ते म्हणाले.

ताई उतरल्या, मी काठावरून वाकले. वरचा डांबरासारखा थर सोड्याने सुटून पापुद्रे लोंबत होते. त्याच्या आत भेगा बुजवायची लांबी, त्या लांबीच्या आत जाळी, आणि जाळीमागे भोकात कोंबलेला कापडाचा बोळा. पत्रा नव्हताच. साहेबांनी बोळा ओढून काढला आणि उलगडला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा. लॉन्ड्रीतून बाद झालेल्या चादरीला हळदी रंग देऊन ताईंनीच मला शिवून दिला होता, हिरव्या दोऱ्याची दुहेरी शिलाई घालून. गेल्या वर्षी, गाडीच्या तपासणीच्याच सुमारास, तो नाहीसा झाला तेव्हा मी शेजारच्या गच्च्या धुंडाळल्या होत्या. हे म्हणाले होते, वाऱ्याने उडाला असेल.

साहेबांनी समजावून सांगितलं, स्प्रिंगचा आधार नेमका इथेच आहे, जोरात ब्रेक मारावा लागला असता तर चाक आत घुसलं असतं. गाडी आता चालवत नेता येणार नाही, ओढून न्यावी लागेल. हे काम कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. ताईंनी पडद्याची शिलाई बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "ज्याने विकली त्याने." भाऊ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

वखार मागे पडली तशा त्या माझ्या बरोबरीने चालायला लागल्या. उद्या गाडी नाही म्हणजे मालक दुसऱ्या कोणाला तरी काम देणार, हे त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या. आपण परत घड्या घालू, त्यात काय, म्हणाल्या. दिवा गेला असता, टायर गेला असता, तर मला रागही आला नसता, म्हणाल्या. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते आणि ह्यांच्यासाठी काहीतरी सबब शोधत होते. शेवटी म्हटलं, ताई, गॅरेजमधल्या एखाद्या कामगाराने केलं असेल, ह्यांना कळलंही नसेल.

"तुझ्या स्वयंपाकघरात त्याचा कामगार येतो का गं?"

मग ज्या गोष्टीने त्यांना खरं खाल्लं होतं ती निघाली. मला फसवलं ते एक वेळ ठीक, पण आईला उचलून त्याच भोकाच्या शेजारी बसवायचा आणि वरून थाप मारायचा, हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला. डोळ्याला मात्र पाणी नव्हतं. माझंच रक्त उसळलं. इतकी वर्षं ज्यांना रांधून वाढलं त्यांच्याशी संसार केला की कोणा परक्याशी, असं झालं मला. म्हटलं, आज हे घरी येतायत, आल्या आल्या आईंच्या समोर विचारते, पडदा कुठे गेला म्हणून.

ताईंनी माझा दंड धरला. रस्त्याच्या अगदी मधोमध आम्ही उभ्या, मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत वळसा घालून गेला.

"नको. तू विचारलंस की तो रडत माझ्या पाया पडायला येईल. आई म्हणेल, सोड, लहान आहे तुझ्याहून. आणि मी सोडेन. मी मला ओळखते ना, आजवर तेच केलंय. या वेळी मला इतक्यात सोडायचं नाहीये, वहिनी. त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं तर सांगू दे, नाहीतर न सांगू दे. खोटं बोल असं मी तुला म्हणत नाही, तुझ्या देवापुढे ते चालायचं नाही, ठाऊक आहे मला. फक्त माझा राग माझ्याकडे थोडे दिवस राहू दे. तोवर गप्प राहशील?"