ऑइल वाढणारी गाडी

"ताई, परत चार प्लग द्या."

कडूबा तात्यांनी जुने प्लग काउंटरवर ओतले. चारही काळेकुट्ट, चुलीतून काढल्यासारखे. चार महिन्यांतला हा तिसरा सेट.

स्पार्क प्लग म्हणजे इंजिनातली काडेपेटी. पेट्रोलला ठिणगी द्यायची, एवढंच त्याचं काम. एक सेट तीस-चाळीस हजार किलोमीटर आरामात जातो. तात्यांची गाडी तर रोज फुलंब्रीहून शहरात यायची आणि परत जायची. सून इथं एका दवाखान्यात नर्स. तिला सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. सेकंडहँड गाडी तेवढ्यासाठीच घेतलेली.

"तात्या, गाडी पेट्रोल जास्त पिते का?"

"लई पेती. एखादी शेळी इतकं खाऊन दूध देईना, तर मी तिला कवाच बाजार दाखवला असता."

पण बाजार बघायची पाळी शेळ्यांवरच आली होती. इंजिन खोलावं लागेल, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, असं मिस्त्रीनं सांगितलं होतं. तात्यांचं घर पिढीजात शेळ्यामेंढ्यांचं. आता पंधरा शेळ्या राहिल्या होत्या, त्यातल्या बारा या खर्चापायी रविवारी विकायच्या ठरल्या होत्या. त्या दिवशी बुधवार होता.

मी मोंढा नाक्याजवळच्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरला आहे. माहेर गोंदियाकडं, पार सालेकशाच्या पुढं. शाळा नववीत सुटली. नवरा वाळूजला कंपनीत लागला म्हणून इकडं आले. दुकानाचे मालक रशीदभाई. कामाला ठेवताना त्यांनी मार्कशीट मागितली नाही. एक खोका हातात दिला आणि म्हणाले, "नंबर पढ." मी वाचला. "कल से आ जा," म्हणाले.

पहिल्याच महिन्यात मी घोळ घातला. एका गिऱ्हाइकानं गाडीचं नाव सांगितलं, मी त्या नावाचा वॉटर पंप दिला. गाडीचं नाव तेच असलं तरी मधल्या काळात कंपनीनं आतलं इंजिन बदललंय, हे मला कुठं ठाऊक! दोन्ही बाराशे सीसी, दोन्ही पेट्रोल, दोन्ही चार सिलिंडरची. सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशी. पण एकीची बांगडी दुसरीच्या हातात जाईना. गिऱ्हाईक ओरडून गेलं. मला वाटलं, संपलं, आता गाठोडं बांधायचं. रशीदभाईंनी पंप परत रॅकवर ठेवला आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काउंटरला चिकटवलं : आधी चेसिस नंबर. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तो नंबर बघितला की आत कुठलं इंजिन आहे ते नेमकं कळतं. बाकी रशीदभाई एक शब्द बोलले नाहीत. असा मालक मिळाल्यावर माणूस तोंड जपूनच उघडतो. मी तर फारच जपून.

तर त्या बुधवारी तात्यांच्या मागोमाग बापू मिस्त्री आले. गाडी त्यांच्याच हातात होती आणि आमच्या दुकानातून सगळ्यात जास्त माल उचलणारं गिऱ्हाईकही तेच. तीस वर्षांचा हात. मला ते 'जी बाई' म्हणतात, कारण आमच्याकडं वाक्याला 'जी' लागतं.

"काय जी बाई, भात झाला का जी?"

"झाला जी," मी म्हणाले. आमचा मुलूख भाताचा, आणि त्यांना भाताशिवाय दुसरा विनोद येत नाही.

त्यांनी यादी टाकली. पिस्टन रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सील, गॅस्केट सेट. म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचा बेत. मी चेसिस नंबर घेतला आणि रॅककडं गेले. रिंगांचा खोका सगळ्यात वर होता. स्टूलवर चढून काढला तर बोटं धुळीनं भरली.

आणि तिथंच मी थांबले.

आम्हा काउंटरवाल्यांना इंजिन उघडता येत नाही, पण त्याची तब्येत रॅकवरून कळते. जे पार्ट बिघडतात त्यांचे खोके स्वच्छ असतात, कारण ते टिकतच नाहीत. या इंजिनाच्या रिंगांवर धूळ होती, कारण हे इंजिन सहसा खोलावंच लागत नाही. टॅक्सीवाले दोन-दोन लाख किलोमीटर मारतात आणि फक्त फिल्टर न्यायला येतात. तात्यांची गाडी तर ऐंशी हजारही झाली नव्हती.

रिंगांच्या शेजारी आणखी एक खोका धुळीत होता. थर्मोस्टॅट. त्याच्या झाकणाचं गॅस्केट, म्हणजे पाणी गळू नये म्हणून फटीत बसवायची चकती, मात्र आम्ही दर आठवड्याला विकतो. झाकण उघडायचं म्हणजे नवीन गॅस्केट लागतंच. आता मला सांगा, झाकणाचं गॅस्केट खपतं आणि आतली वस्तू खपत नाही, तर लोक झाकण उघडून आत करतात काय?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधली झडप. आत मेण असतं. इंजिन थंड असताना झडप बंद, म्हणजे इंजिनातलं पाणी आतच फिरून लवकर तापतं. पाणी उकळायच्या थोडं अलीकडं पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी गार व्हायला रेडिएटरमध्ये जातं. दारावरचा शिपाईच म्हणा.

स्टूलवरून उतरले. हातात रिंगांचा खोका होता, पण काउंटरवर ठेवावासा वाटेना.

"तात्या," मी हळूच विचारलं, "गाडीचं ऑइल कमी होतं का?"

"कमी? उलट वाढलंय. ऑइलची दांडी बघितली तर खुणेच्या वर. मी म्हणलं, बरंच हाय की. विकत घ्यायला नको."

"आणि समोर एखादा निळा दिवा लागतो?"

"लागतो ना! एसीचा. थंडीत लई चांगला लागतो, पार शहरापर्यंत."

मिस्त्री खोकले. तो दिवा एसीचा नसतो. इंजिन अजून गार आहे, असं सांगणारा असतो. दोन-चार किलोमीटरांत विझायला हवा. तात्या गेला महिनाभर त्याला एसी समजून सुखात होते.

तोंड जपायचं माझ्याकडून राहूनच गेलं. "मिस्त्री, हिचा थर्मोस्टॅट कुठं आहे?"

"तो व्हय? उन्हाळ्यातच काढला. चौक्याच्या घाटात गाडी तापली व्हती. जी बाई, हे थंड मुलखातलं यंत्र. आपल्याकडं मे महिन्यात माणूस उकडतो, इंजिनाला गरम ठेवायची गरज काय? तीस वर्षं काढतोय मी. माझ्या गॅरेजात तारेत ओवून ठेवलेत, माळ झालीय."

आणि खरंच, पूर्वी त्यानं फार बिघडत नव्हतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला किती गार, किती गरम याचा हिशेब ठेवणारं कुणी नव्हतं. आताच्या गाडीत कॉम्प्युटर असतो. इंजिन गार आहे म्हटल्यावर तो जास्त पेट्रोल सोडतो, जसा आपण जुन्या स्कूटरला चोक द्यायचो. थर्मोस्टॅट नाही, हिवाळ्याची सकाळ, मोकळा रस्ता. इंजिन तापतच नाही. कॉम्प्युटर बिचारा फुलंब्रीपासून चोक धरून बसलेला. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, प्लग काळे करतं आणि सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइल वाढतं.

एवढं सगळं मी तेव्हा बोलले नाही. एवढंच बोलले. "मिस्त्री, रिंगा गेल्या तर ऑइल वर चढून जळतं, कमी होतं ना? हे वाढतंय."

रशीदभाई मागं बिलं बघत होते, त्यांनी चष्मा वर केला.

"क्या बोलरी तू?"

"काही नाही भाईजान. देतेय सामान."

"नक्को. जो बोलरी थी वो पूरा बोल."

इंजिनाच्या अख्ख्या किटचं गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी ते परत पाठवत होते. वर मिस्त्री दुखावले तर दुसऱ्या दुकानात जाणार. दोन्ही नुकसान भाईजानचं. पण त्यांनीच बोल म्हटलं, तर आता मागं कसं फिरायचं? मी म्हणाले, "कॉम्प्रेशन बघितलं का, एवढंच विचारायचं होतं."

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडर हवा किती दाबून धरतो, त्याचं माप. रिंगा गेल्या असतील तर दाब टिकत नाही.

"मी कानानं कॉम्प्रेशन बघतो," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री," रशीदभाई शांतपणे म्हणाले, "आपके कान पे मेरेको पूरा भरोसा है. पर कान पे नंबर नहीं आता." आणि त्यांनी शोकेसमधला दाब मोजायचा गेज काढला. त्याच्यावरही धूळ होती.

गाडी दुकानासमोरच होती. मिस्त्रींनी प्लग काढून गेज लावला, तोंड वाकडं करून. पहिला सिलिंडर चांगला. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, चारही सारखे. दांडी काढून तात्यांच्या नाकाखाली धरली तर ऑइलला पेट्रोलचा वास.

"म्हंजी इंजिन ठीक हाय?" तात्या म्हणाले.

"इंजिनाला काय धाड भरलीय," मिस्त्री पुटपुटले. जसं काही रिंगा गेल्यात असं मीच सांगितलं होतं!

मग मूळ प्रश्न राहिला. उन्हाळ्यात गाडी तापलीच का?

"तात्या, रेडिएटरमध्ये काय घालता?"

"पाणी. आमच्या बोरचं."

"कूलंट नाही? ते रंगीत पाणी?"

"ताई, आमच्या बोरचं पाणी अख्खं गाव पेतं."

"गाव पितं हो, पण इंजिनाला त्या पाण्याचा क्षार बाधतो. तुमच्या चहाच्या पातेल्यात तळाला पांढरं बसतं ना? तेच थर्मोस्टॅटमध्ये बसलं आणि तो बंदच अडकला."

तात्या पातेल्याचा विचार करत राहिले. पातेलं त्यांना पटलं, बोर वाईट आहे हे मात्र शेवटपर्यंत पटलं नाही.

रशीदभाईंनी किटचे खोके परत रॅकवर ठेवायला लावले. चेसिस नंबरावरून बरोबर थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल एवढंच दिलं. मिस्त्रींनी आधी बोरचं पाणी काढून रेडिएटर धुतला, मग सगळं बसवलं. तीन दिवस बघू, फरक पडला नाही तर किट न्या, असं ठरलं. त्या तीन दिवसांत मला नीट झोप लागली नाही. चुकले असते तर इंजिनापेक्षा मीच आधी खोलले गेले असते.

शनिवारी दुपारी तात्या आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"ताई, एक तक्रार हाय."

मी वरच्या रॅकवरच्या रिंगांच्या खोक्याकडं बघितलं.

"त्यो निळा दिवा गावाची येस ओलांडली की इझतो. एसी बिघडला का काय?"

मी काही बोलायच्या आत ते मोठ्यानं हसले. पेट्रोल कमी लागत होतं, ऑइल खुणेवर थांबलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला ते जाणार नव्हते. पंधरा शेळ्या पंधराच राहणार होत्या, आणि ही बातमी त्यांनी इंजिनापेक्षा जास्त आनंदानं सांगितली.

रशीदभाईंना मी म्हणाले, "भाईजान, माझ्यामुळं किटचं गिऱ्हाईक गेलं."

"गया नहीं," ते म्हणाले. "अब वो फुलंब्री में किसी और दुकान का नाम लेगा क्या?"

बापू मिस्त्री चार-पाच दिवस फिरकले नाहीत. मग एका सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं, तेव्हा आले. इकडं तिकडं बघितलं. भाताचं विचारलं नाही. एक चिठ्ठी सरकवली. वर चेसिस नंबर, खाली एकच शब्द : थर्मोस्टॅट.

"कुणाची गाडी?" मी विचारलं.

"पाव्हण्याची."

मी चिठ्ठीवरचा नंबर जुळवून बघितला, खोका काढला, धूळ पुसून दिला. बाहेर त्यांची स्वतःची गाडी उभी होती. इंजिन चालूच, आणि काचेतून निळा दिवा अजून लागलेला दिसत होता. मी बिल फाडून दिलं. मिस्त्रीसुद्धा चुकतात, पण त्यांना ते एकट्यानं दुरुस्त करू द्यावं. दुकान तसंच चालतं.