नाना आणि गिटारच्या पोटातला जॅक

नाना मेकॅनिक वाद्य हातात घेतलं की डोळे मिटायचे. हार्मोनियम असो, बेंजो असो की कुणाचा खरखरणारा स्पीकर, आधी हात साबणाने धुवायचे, पंच्याला पुसायचे आणि मग डोळे मिटून बोटं सगळीकडून फिरवायची. गिऱ्हाईक मध्येच काही सांगायला लागलं की म्हणायचे, "तू थांब. आधी त्याला सांगू दे." मला वाटायचं, ही म्हाताऱ्याची ऐट आहे. खरी गोष्ट मला फार उशिरा कळली.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, जीन्स शिवणाऱ्या दोन गाळ्यांच्या मधे त्यांची खोली होती. उमेदीची वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी गाव गाठलं. नानांनी कॅम्पात टेबल मांडलं. शेजारचे सिंधी दुकानदार त्यांना 'नाना साईं' म्हणायचे, आणि नानाही दारात आलेल्याला त्यांच्याच भाषेत "अचो, अचो" म्हणून आत बोलवायचे. पण एकदा काम हातात घेतलं की बोलणं बंद. "होणार नाही" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. फार तर म्हणायचे, "वेळ लागेल."

मी हळदीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. तेव्हा नुकतीच वाजवायला लागले होते. बाई गिटारवर म्हटल्यावर मांडवातले लोक आधी हसायचे, मग मोबाइल काढायचे. आमच्या पार्टीच्या मालकांचाही माझ्यावर पुरता भरवसा बसला नव्हता. माझी गिटार होती इलेक्ट्रिक, पण अर्धी पोकळ. मधे भरीव लाकूड, दोन्ही बाजूंना पोकळी आणि वरच्या पाटीला दोन नागमोडी फटी. जिथे ॲम्प्लिफायरची केबल घुसवतात, तो जॅक ढिला झाला होता. एका दुपारी मी शहाणपणा केला आणि पक्कड घेऊन बाहेरून नट आवळत सुटले. नटाबरोबर आतला जॅकही फिरत होता, हे मला कळलंच नाही. आतल्या वायरी पिळवटून तुटल्या, नट निघाला आणि जॅक गिटारच्या पोटात पडला. संध्याकाळी वांगणीला हळद होती.

कॅम्पातल्या एका दुकानदाराने गिटार उलटी करून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, पीछे से काटना पडेगा. दुसरा रास्ता नहीं है." तिथून तडक नानांकडे गेले.

नानांनी हात धुतले. गिटार हलवली. आत जॅक खुळखुळला. "कापायची काही गरज नाही," ते म्हणाले. "वरच्या फटीतून बाहेर काढू, सोल्डर करू, दोऱ्याने परत जागेवर नेऊ."

तेवढ्यात त्यांची मुलगी सुमनताई डबा घेऊन आली. ती बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायची. टेबलावरची गरम सोल्डरिंग गन बघून ती दारातच थांबली. "नाना, परत? गेल्या आठवड्यात हात भाजला ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, त्यांना काचबिंदू आहे. समोरचं आता फक्त धूसर दिसतं. डॉक्टरांनी हे काम बंद करा म्हणून सांगितलंय."

मी गिटारकडे हात नेला. नानांनी ती घट्ट धरली. "गिटारच्या पोटात तुला तरी काय दिसतंय?" त्यांनी मला विचारलं. "तिथे आपण दोघं सारखेच. बस."

तारेच्या आकड्याने त्यांनी जॅक फटीतून बाहेर ओढला, मागोमाग दोन तुटक्या वायरी. डाव्या हाताच्या नखाने जागा चाचपून उजव्या हाताने सोल्डरचा डाग दिला. मग जॅकच्या भोकातून दोरा ओवला, आतल्या टोकाला गाठ मारली, मोकळं टोक गिटारच्या कडेच्या छिद्रातून बाहेर काढलं आणि हळूहळू ओढलं. जॅक जागेवर आला. त्यात गोल कानस रुतवून तो फिरणार नाही असा धरला आणि नट आवळला. सगळं एका दमात झालं. मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते.

केबल लावली आणि ॲम्प्लिफायर भुंग्यासारखा घोंघावला. तारा छेडल्या की आवाज यायचा, पण त्या घोंघाटात बुडालेला.

वायरी उलटसुलट लागल्या होत्या. एक पांढरी, एक काळी, पण जाडीला सारख्या. बोटांना फरक कळला नव्हता आणि त्यांनी मला विचारलं नव्हतं. सुमनताई हळूच म्हणाली, "नाना, राहू दे आता." चार वाजून गेले होते. मालकांचे फोन सुरू झाले होते.

नानांनी नट काढला. जॅक परत आत सोडला, परत फटीतून ओढून काढला. जुना डाग वितळवून साफ केला. मग दोन्ही वायरी चिमटीत धरून माझ्यासमोर केल्या. "पोरी, रंग सांग," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. तीस वर्षं वायरींत काढलेल्या माणसाला हे विचारायला किती जड गेलं असेल, ते मला त्या आवाजावरून कळलं. सुमनताईने तोंड फिरवलं.

"उजव्या हातातली पांढरी," मी म्हटलं.

या वेळी गिटार स्वच्छ वाजली. मी वांगणीला वेळेवर पोचले आणि त्या संध्याकाळी जीव तोडून वाजवलं.

नानांनी काम बंद केलं नाही. एकदा विचारून झालं, मग संकोच गेला. पुढची दोन वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर बसवून रंग विचारायचे. पण मग उजेडही दिसेनासा झाला. सुमनताई त्यांना हेंद्रेपाड्याला घेऊन गेली.

काही महिन्यांनी माझा जॅक परत ढिला झाला आणि आतली वायर तुटली. मी गिटार घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी गन माझ्या हातात दिली. "मी नाही करणार. तू कर." मी डाग दिला. त्यांनी गार होऊ दिला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "काढ. ढेकूळ झालंय." दुसरा डाग दिला. "काढ. पकडलं नाही." मला रडू यायचं बाकी होतं. सुमनताई चहा ठेवून गेली, तो गार झाला. सहाव्या वेळी त्यांनी वायर ओढून बघितली, आणखी जोरात ओढली. ती हलली नाही. दोरा, कानस, नट, सगळं त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. वाजवून दाखवलं तेव्हा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

मी निघाले तेव्हा ते भिंत धरून दारापर्यंत आले. "आता दुरुस्तीला इथे यायचं नाही," ते म्हणाले. मी हो म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाले, "नुसती ये."

मी जात राहिले. नाना वारले त्याच्या आदल्या रविवारीही मी गेले होते, गिटार न घेता.